टाइमशेअरची अदलाबदल आणि प्रवासविमा: घ्यायचा की नाही?

(सुरगाणा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय फळ्यावर लिहिला तेव्हा पुढच्या रांगेत जरा हसू फुटलं, ते आमच्या लक्षात आलं. सुरगाण्यात टाइमशेअर कशाला, असंच ना? पण हातगड आपल्याच तालुक्यात आहे, आणि हातगडला क्लब महिंद्राचं रिसॉर्ट आहे. सापुताऱ्याला जाता-येता तुम्ही पाटी रोज बघता. तिथं येणारे पाहुणे बोरगावच्या रस्त्यावर थांबून आपली स्ट्रॉबेरी घेतात. त्यातले पुष्कळ जण खोलीचं भाडं देऊन येत नाहीत, सभासद म्हणून येतात. आता नाशिकला, पुण्याला नोकरीला गेलेली आपली मुलं, इथले काही शिक्षक, बँकेतली मंडळी अशी सभासद होऊ लागली आहेत. परवा एका गुरुजींनी विचारलं, "आमच्या मुलानं त्याचा आठवडा बदलून थायलंडचा घेतलाय. वेबसाइट म्हणते विमा घ्या. घेऊ का?" आजचं बोलणं त्या प्रश्नातून निघालं आहे.

आधी टाइमशेअर म्हणजे काय ते पटकन बघू. एकदाच मोठी रक्कम भरायची, आणि पुढची पंचवीसेक वर्षं दरवर्षी ठरावीक दिवस, बहुतेक सात, कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क मिळवायचा. शिवाय दरवर्षी देखभालीची वर्गणी. आपल्याकडे स्टर्लिंग 1986 मध्ये आणि महिंद्रा हॉलिडेज 1996 मध्ये सुरू झाली. पण दरवर्षी त्याच त्या ठिकाणी कोण जाणार? म्हणून अदलाबदल आली. अमेरिकेत 1974 साली आर.सी.आय. ही कंपनी यासाठीच निघाली. तुम्ही तुमचा आठवडा तिच्याकडे जमा करायचा, अदलाबदलीचं शुल्क भरायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी जमा केलेला आठवडा घ्यायचा.

आपल्याला हे नवीन नाही. भात लावणीला सावड असते. आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. टाइमशेअरची अदलाबदल ही सुट्ट्यांची सावड आहे, फक्त मध्ये एक कंपनी बसलेली असते आणि ती तिचा मेहनताना घेते.

आता मुख्य मुद्दा. सावडीला पावती नसते, आणि विमा पावतीवर चालतो. हे एवढं ध्यानात राहिलं तरी आजचं काम झालं असं आम्ही समजू.

हिशोब करून बघू. आकडे समजुतीपुरते आहेत, फळ्यावर लिहितो. गुरुजींच्या मुलानं चार जणांची विमानाची तिकिटं काढली, 80,000 रुपये. अदलाबदलीचं शुल्क 12,000. यंदाची वर्गणी 20,000. आणि फुकेतच्या ज्या खोलीत तो राहणार, ती बाजारभावानं घेतली असती तर आठवड्याचे 60,000 पडले असते. निघायच्या तीन दिवस आधी सासरे दवाखान्यात भरती झाले. सहल रद्द. मुलगा म्हणतो, माझं पावणेदोन लाखांचं नुकसान झालं. विमा कंपनी काय म्हणेल?

तिकिटांचं बिल आहे. विमान कंपनीनं परत केलेली रक्कम वजा जाता उरलेल्याची भरपाई मिळू शकते, पॉलिसीत जी कमाल मर्यादा लिहिली असेल तिथपर्यंत. (तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी त्यातले कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं. ते मागायचं लोक विसरतात.) अदलाबदलीच्या शुल्काचीही पावती आहे, पण पॉलिसीत 'आगाऊ भरलेला आणि परत न मिळणारा प्रवास व निवास खर्च' याची व्याख्या कशी केली आहे त्यावर ते अवलंबून. काही ठिकाणी बसेल, काही ठिकाणी नाही. वर्गणीचे 20,000 सोडून द्या. सहल झाली असती तरी ते भरायचेच होते. आणि ते 60,000? विमा कंपनी सरळ विचारणार, हे पैसे तुम्ही कुणाला दिले, पावती दाखवा. दिलेच नाहीत कुणाला. दिला तो आठवडा. पॉलिसीच्या भाषेत त्या आठवड्याला किंमत नाही.

म्हणजे अदलाबदलीच्या सहलीत ज्या गोष्टीची हळहळ सगळ्यात जास्त वाटते, तो हातचा गेलेला आठवडा, तीच गोष्ट साध्या प्रवासविम्यात बहुतेक वेळा बसत नाही. तिच्यासाठी विमा कंपनीकडे न जाता अदलाबदल कंपनीचे रद्द करण्याचे नियम वाचा. किती दिवस आधी कळवलं तर आठवडा परत खात्यात जमा होतो, किती दिवसांनंतर बुडतो. काही कंपन्या बुकिंगच्या वेळी थोडे जास्त पैसे घेऊन आठवडा किंवा पॉइंट राखून ठेवायची सोय देतात. घरात म्हातारं माणूस आजारी असेल, किंवा सूनबाईंचे दिवस भरत आले असतील, तर आमच्या मते ती सोय घ्यावी. एरवी गरज नाही.

रद्द होण्याची कारणंसुद्धा मोजकीच लिहिलेली असतात. स्वतःचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं अचानक गंभीर आजारपण, मृत्यू, असली. साहेबांनी रजा नाकारली, हे त्यात सहसा नसतं. निवडणुकीची ड्युटी लागली, हेही नसतं. इथं बसलेल्या शिक्षकांनी हे विशेष ऐकावं, कारण तुमची सहल आजारपणापेक्षा आदेशानं रद्द व्हायची शक्यता जास्त! (हशा) भीती वाटली म्हणून जाणं रद्द केलं, हेही साध्या पॉलिसीत नसतं. 22 एप्रिल 2025 ला पहलगामचा हल्ला झाला, त्यानंतर महाराष्ट्रातून किती जणांनी काश्मीरची सहल रद्द केली ते आपण पाहिलं. भीती अगदी खरी होती. पण 'जायला भीती वाटते' हे कारण साध्या पॉलिसीच्या यादीत सापडत नाही. आणि एखादी आपत्ती सुरू झाल्यावर, टीव्हीवर बातमी आल्यावर विमा काढला, तर त्या आपत्तीसाठी तो उपयोगी पडत नाही. जळत्या घराचा विमा कोण उतरवणार?

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, मग घेऊच नये. थांबा. रद्द होणं हा प्रवासविम्याचा एक कोपरा आहे. दुसरा भाग तब्येतीचा, आणि तिथं हिशोब पूर्ण उलटा होतो. आठवडा बुडाला तर मन खट्टू होतं, पण संसार बुडत नाही. परदेशात दवाखान्याचं बिल आलं तर बुडू शकतो. आपला इथला साधा मेडिक्लेम परदेशात बहुधा चालत नाही. अमेरिकेत चार-पाच दिवस अतिदक्षता विभागात काढले तरी बिल हजारो डॉलरमध्ये जातं. आणि खोली अदलाबदलीत मिळाली म्हणून दवाखाना काही सवलत देत नाही. खोली फुकटात पडली की सगळी सहलच स्वस्तातली वाटायला लागते, आणि मग विमाही फालतू खर्च वाटतो. तरुण माणसाचा आशियातल्या एका आठवड्याचा हप्ता शहरातल्या एका बऱ्या हॉटेलातल्या घरच्यांच्या जेवणाएवढा असतो. त्यामुळे परदेशात जाणार असाल तर विमा घ्याच, असं आमचं स्पष्ट मत आहे. युरोपच्या शेंगेन देशांत तर किमान 30,000 युरोच्या वैद्यकीय विम्याशिवाय व्हिसाच मिळत नाही.

मात्र घेताना मुलानं काय बघायचं? पहिलं, जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव. सभासद मुलगा आहे, पण आठवडा त्यानं आई-वडिलांना दिला, तर विमा आई-वडिलांच्या नावानं हवा. सभासदत्वाचा आणि विम्याचा काही संबंध नाही. दुसरं, आधीचे आजार. गुरुजींना शुगर असेल, बीपी असेल, तर अर्जात लिहा. एजंट म्हणेल, "राहू द्या, हप्ता वाढेल." राहू देऊ नका. लपवलेला आजार हे दावा नाकारायचं सगळ्यात सोपं कारण आहे. आणि लिहिल्यावरही विचारा, या आजारातून काही झालं तर किती रक्कम मिळेल. बऱ्याच पॉलिसींत जिवावर बेतलं तरच, आणि तेही ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतं. तिसरं, साहसी खेळ. पॅराग्लायडिंग, स्कूबा हे वेगळं जोडून घेतलं नसेल तर बहुतेक वेळा बाहेर असतं. सामान हरवणं, विमानाला उशीर, हे सगळं दुय्यम. जाहिरातीत मात्र तेच मोठ्या अक्षरात असतं.

एक इथल्या रस्त्याचं सांगायला हवं. सुरगाण्याहून मुंबईचं विमान पकडायचं म्हणजे वणी, दिंडोरी, नाशिक आणि मग कसारा घाट. पावसाळ्यात घाटात दरड आली, गाड्या अडकल्या, विमान चुकलं. 'मिस्ड कनेक्शन' पॉलिसीत आहे म्हणून पैसे मिळतील असं वाटतं. पण ते कलम साधारणपणे एका विमानाला उशीर झाल्यामुळे पुढचं विमान चुकलं तर लागू होतं. घाटातल्या खोळंब्याला नाही. आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा, तो विम्यापेक्षा स्वस्त पडेल.

आता देशातल्या देशात. हातगडचा आठवडा देऊन मुन्नारचा घेतला, किंवा गोव्याचा. इथं वेगळा प्रवासविमा घेण्याआधी घरात काय पडलंय ते बघा. मेडिक्लेम असेल तर तो देशभर चालतो. आयुष्मान कार्ड असेल तर देशात कुठल्याही राज्यातल्या यादीतल्या दवाखान्यात 5 लाखांपर्यंत चालतं. 70 वर्षांपुढच्यांना 2024 च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट न ठेवता ते मिळतं. महात्मा फुले योजना मात्र मुख्यतः महाराष्ट्रातल्या दवाखान्यांपुरती आहे. हातगडच्या पुढे चार-सहा किलोमीटरवर गुजरात लागतं, हे लक्षात असू द्या.

देशातल्या सहलीत खरा धोका रस्त्याचा. 2 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे सापुताऱ्याच्या घाटात यात्रेकरूंची खासगी बस दरीत कोसळली आणि 5 जण गेले. मध्य प्रदेशातली माणसं होती, त्र्यंबकेश्वराचं दर्शन घेऊन द्वारकेला निघालेली. आपल्याच तालुक्यातून पुढे गेली होती ती बस. अशा प्रसंगासाठी महागडा प्रवासविमा लागत नाही, अपघात विमा लागतो. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण आहे, 18 ते 70 वयापर्यंत. पैसे बँक खात्यातून आपोआप कापले जातात, पण मे अखेरीला खात्यात 20 रुपये शिल्लक नसले की विमा बंद पडतो, आणि ते कुणाला कळतही नाही. उद्या पासबुक भरून घ्या आणि बघा. रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना 45 पैशांत 10 लाखांचा अपघात विमा मिळतो. तो घ्या आणि नंतर येणाऱ्या दुव्यावर वारसाचं नाव भरा. लोक 45 पैसे भरतात आणि नाव भरत नाहीत. स्वतःच्या गाडीनं जात असाल तर गाडीच्या पॉलिसीतला 15 लाखांचा सक्तीचा अपघात विमा फक्त मालक-चालकाचा असतो. मागे बसलेल्या बायकोमुलांचा नसतो. तो वेगळा जोडून घ्यावा लागतो, आणि फार महाग नसतो.

वेबसाइटवर आधीच टिक केलेला विमा, हा प्रश्न चिठ्ठीवर आलाय. तिकीट काढताना विम्याची खूण आधीच करून ठेवायची नाही, असं विमा नियामकानं, म्हणजे आय.आर.डी.ए.आय.नं, 2019 मध्येच सांगितलं. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्राहकाला न विचारता टोपलीत वस्तू टाकणं ही फसवी पद्धत ठरवली. तरीही पैसे भरण्याआधी शेवटची बेरीज नजरेखालून घाला. आणि त्या पानावरचा विमा घेतलाच तर तो फक्त विमानप्रवासापुरता आहे की सगळ्या सहलीचा, हे बघा. आठवडाभर फुकेतला राहायचं आणि विमा विमानातून उतरेपर्यंतचा, असं नको.

विमा कधी काढावा, हे मागून विचारताहेत. सहल रद्द होण्याचं संरक्षण हवं असेल तर तिकिटं काढली त्याच आठवड्यात, कारण ते पॉलिसी निघाल्यापासून सुरू होतं. फक्त तब्येतीचं हवं असेल तर निघायच्या आधी कधीही, पण निघायच्या आधीच.

आणि ताई, तुमचा प्रश्न. दावा नाकारला तर काय? नाकारल्याचं लेखी पत्र मागा, त्यात कुठल्या कलमाखाली ते लिहिलेलं असतं. कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नाशिक जिल्ह्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. मराठीत लिहिलात तरी चालेल. सोबत पॉलिसी, दवाखान्याची कागदपत्रं, तिकिटं, अदलाबदलीच्या शुल्काची पावती आणि ते नकाराचं पत्र जोडा. परदेशातल्या दवाखान्यातून निघताना डिस्चार्जचा कागद आणि बिल इंग्रजीत मागून घ्या. थाई भाषेतला कागद इथं आणून भाषांतर करून घेण्यात दोन महिने जातात.