काका, बेरीज करू का वजाबाकी?

मागच्या रविवारी भोकरला घरी होतो. दुसरीतली पुतणी वही घेऊन आली. गणित असं: ‘मीनाकडे १२ बोरं आहेत. तिच्याकडे राजूपेक्षा ४ बोरं जास्त आहेत. तर राजूकडे किती?’

तिनं झटकन लिहिलं, १६. मी म्हटलं, चुकलं बघ. तर म्हणते, “पण काका, ‘जास्त’ आलं की बेरीज, असं तुम्हीच सांगितलं होतं!”

खरं होतं तिचं. चूक माझी होती. ‘एकूण’ म्हणजे बेरीज, ‘राहिले’ म्हणजे वजाबाकी, ही युक्ती आपल्यापैकी बरेच जण शिकलोय. पण तिच्यामुळं लेकरू गोष्ट वाचतच नाही, नुसता शब्द शोधतं.

आता हे बघा. ‘एसटीत १८ जण होते, ५ उतरले, किती राहिले?’ सोपं आहे. गोष्ट घडते तशीच वजाबाकी. पण ‘५ जण उतरले, १३ राहिले, आधी किती होते?’ इथंही ‘राहिले’ आहे, करायची मात्र बेरीज! सुरुवातच माहीत नाही, म्हणून गोष्ट उलटी फिरवावी लागते. आणि बोरांच्या गणितात तर कुणी कुणाला काही देत नाही, घेत नाही. नुसती तुलना. म्हणून ते लहान मुलांना जास्त अवघड जातं.

मग आम्ही चिंचोके काढले. आकडे हातानं झाकले अन् विचारलं, “जास्त बोरं कुणाकडे?” “मीनाकडे.” “मग राजूची रांग लांब का आखूड?” “आखूड!” “मग १६ कसे येतील?” ती हसली. मीनाची १२ ची रांग लावली, खाली राजूची ४ नं कमी. मोजले, ८!

२०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी बरोबर करतात, पण शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या गणितात अडतात. नुसती शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडतात. म्हणजे डोकं दोघांनाही आहे, एकीकडचं दुसरीकडं वापरायची सवय नाही. शाब्दिक उदाहरणांतून ती सवय लावता येते, पण आधी गोष्ट समजली तर.

म्हणून आज एवढंच करा. घरातल्या लेकराला ‘१३ आणि ५’ द्या अन् म्हणा, यावर तूच एक गोष्ट रच, गणित मी सोडवतो. काय गोष्ट रचली, आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!