आतड्यांतील पाण्याचा जमाखर्च

पचनाचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते जठर. भुकेने कासावीस होते ते, जड अन्नाने कुरकुरते ते, आणि आयुर्वेदाने ज्या अग्नीला देहाच्या सर्व व्यवहारांचा आधार मानले त्याचा मुक्काम लोकांनी ठरविला तोही तेथेच. पाश्चात्य शरीरशास्त्रज्ञांचे लक्षही दीर्घकाळ जठरानेच वेधून घेतले होते. १८२२ मध्ये उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर, कातड्यांच्या व्यापारात नोकरीस असलेल्या अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार चुकून लागला. तो वाचला, जखम भरत आली, परंतु पोटाच्या भिंतीतून थेट जठरात उघडणारे एक छिद्र कायमचे राहून गेले. लष्करी शल्यवैद्य विल्यम ब्यूमाँट यांनी त्या छिद्रातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून, ठरावीक वेळाने बाहेर ओढून, जठररस बाटल्यांत जमवून, वर्षानुवर्षे जी निरीक्षणे केली, त्यांचा ग्रंथ १८३३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जठराची कीर्ती दिगंत झाली. त्या कीर्तीत ब्यूमाँट यांचे नाव राहिले. गरजेपोटी स्वतःचा देह दुसऱ्याच्या प्रयोगासाठी खुला ठेवणाऱ्या त्या गरीब मजुराचे ऋण मात्र शरीरशास्त्राने पुरते मान्य केले आहे असे मला वाटत नाही.

असे असूनही जठरावाचून माणूस जगू शकतो. १८९७ मध्ये झुरिक येथे कार्ल श्लाटर या शल्यविशारदाने एका रुग्ण स्त्रीचे संपूर्ण जठर काढून अन्ननलिका सरळ लहान आतड्याला जोडली, आणि ती स्त्री त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ जेवत-खात जगली. तोच प्रयोग लहान आतड्याच्या बाबतीत करू म्हटले, तर शिरेवाटे पोषण दिल्याखेरीज मनुष्य वाचणार नाही. पचनसंस्थेचा खरा कारभार ज्या अवयवाच्या हाती आहे तो हा, आणि या कारभारातही अन्नापेक्षा पाण्याचे खाते अधिक मोठे आणि अधिक नाजूक आहे. या एका गोष्टीकडे आपले जितके लक्ष असावे तितके नसते. तिच्या ज्ञानाने मात्र गेल्या अर्धशतकात कोट्यवधी बालके वाचली आहेत.

मृतदेहात मोजले असता लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब भरते. जिवंत देहात स्नायूंच्या ताणामुळे ते बरेच आखडलेले असते. जठरातून निघालेले आंबट, पातळ अन्न प्रथम आद्यांत्रात उतरते. त्याची लांबी जेमतेम २५ सेंटिमीटर. परंतु यकृतातील पित्त आणि स्वादुपिंडाचा रस याच जागी येऊन मिळत असल्यामुळे अन्नाची आम्लता येथे मोडते, स्निग्ध पदार्थांचे बारीक कण होतात आणि विकरांचे काम खऱ्या अर्थाने सुरू होते. पुढे मध्यांत्र व शेषांत्र. आतड्याची आतली बाजू वर्तुळाकार घड्यांनी भरलेली असून त्या घड्यांवर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य रसांकुर दाटीने उभे असतात, आणि त्या रसांकुरांवरील प्रत्येक शोषक पेशीच्या माथ्यावर, केवळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून नीट दिसावेत असे, हजारो सूक्ष्मांकुर असतात. या साऱ्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे होते असे पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली; अलीकडच्या अधिक काटेकोर मोजणीत ते सुमारे ३० चौरस मीटरच भरले. आकडा उतरला म्हणून आश्चर्य उतरण्याचे कारण नाही. ओंजळीत मावेल अशा गुंडाळीत एका प्रशस्त खोलीएवढी जमीन सामावलेली आहे, आणि तिच्यावरील पेशींचे आच्छादन तीन ते पाच दिवसांत झडून पुन्हा नवे होत असते.

आता पाण्याचा जमाखर्च पाहू. निरोगी प्रौढ मनुष्य दिवसाकाठी अन्नपाण्यातून साधारण २ लिटर द्रव घेतो. परंतु आतड्यात जमा होते ते याच्या चौपटीहून अधिक. कारण लाळ दीड लिटरपर्यंत, जठररस दोन-अडीच लिटर, पित्त अर्धा-पाऊण लिटर, स्वादुपिंडाचा रस दीड लिटर आणि खुद्द आतड्याच्या भिंतीतून पाझरणारा रस लिटरभर, अशी देहाची स्वतःची रक्कम रोज या पोकळीत ओतली जाते. एकूण बेरीज ८ ते ९ लिटर होते. यांपैकी सात लिटरांच्या आसपास द्रव लहान आतडे परत वसूल करते, उरलेल्यातील बहुतेक मोठे आतडे शोषून घेते, आणि मलावाटे बाहेर पडते ते केवळ १०० ते २०० मिलिलिटर. सबंध देहातील रक्तद्रव सुमारे ३ लिटर असतो हे लक्षात घेतले, म्हणजे या उलाढालीतील जोखीम कळून येते. आपल्या रक्तातील सगळ्या द्रवाच्या दुपटीहून अधिक रक्कम रोज खजिन्याबाहेर जाते आणि त्याच दिवशी परत येते. वसुली एक दिवस थांबली, तर खजिना रिकामा होण्यास सायंकाळ व्हावी लागत नाही.

ही वसुली होते कशी? पाण्याला ओढून घेणारा असा वेगळा पंप देहात कोठेच नाही. पाणी क्षारांच्या मागोमाग जाते. रसांकुरांच्या बुडाशी ज्या खोलगट ग्रंथी आहेत त्यांच्या पेशी क्लोराइड बाहेर सोडतात, त्याच्यामागे सोडियम आणि पाणी आतड्याच्या पोकळीत उतरते. रसांकुरांच्या माथ्यावरील पेशी सोडियम आत घेतात, आणि त्याच्याबरोबर पाणी पुन्हा रक्ताकडे वळते. एकाच भिंतीत, अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर, देणे आणि घेणे अखंड चालू असते. पेशीच्या रक्ताकडील बाजूस सोडियम बाहेर फेकणारी यंत्रणा अहोरात्र ऊर्जा खर्चून काम करते, म्हणून पेशीत सोडियमचा तुटवडा कायम राहतो आणि पोकळीतील सोडियमला आत येण्याचा कल राहतो. त्याला आत येण्याचे मार्ग अनेक आहेत. त्यांपैकी एक असा की त्यातून सोडियम एकटा जात नाही, ग्लुकोजला बरोबर घेऊनच जातो. दोन सोडियमांबरोबर ग्लुकोजचा एक रेणू, असे हे प्रमाण. ही जोडवाहतुकीची कल्पना रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील परिसंवादात मांडली, तेव्हा पेशीत साखर कशी शिरते या निव्वळ विद्येच्या प्रश्नाचे ते उत्तर होते. पुढे रोग्यांच्या खाटेपाशी तिचा काय उपयोग व्हावयाचा होता, याची अटकळ त्या सभेत क्वचितच कोणी केली असेल.

महाराष्ट्रातील जुन्या माणसांना पटकी हा शब्द उच्चारणेही नकोसे वाटे. वेशीबाहेर मरीआईचे ठाणे नाही असे गाव विरळा, आणि त्या देवतेचा धाक हा बहुतांशी याच रोगाचा धाक होता. पंढरपूरच्या यात्रेत पटकी उद्भवली म्हणजे परतणाऱ्या वारकऱ्यांच्या वाटेने ती गावोगाव पोहोचे, म्हणून सरकारी अंमलदारांचा यात्रेवर कडक बंदोबस्त असे. सकाळी धडधाकट असलेला माणूस, तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब होऊन, डोळे खोल जाऊन, आवाज बसून, दिवस मावळण्यापूर्वी संपावा, हे दृश्य पाहणाऱ्यांनी त्यात दैवी कोप पाहिला तर त्यांना दोष देता येणार नाही. तीव्र पटकीत तासाला लिटरभर द्रव देहाबाहेर जाऊ शकतो.

रोगाचा जंतू फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ मध्ये फ्लॉरेन्स येथे पाहिला होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात तो रोगाशी निश्चितपणे जोडून दाखविला. परंतु हा जंतू रक्तात शिरत नाही, आतड्याच्या भिंतीत घुसत नाही, मग माणूस मरतो कशाने? फिर्‌खो यांच्यासारख्या विकृतिशास्त्राच्या आचार्यांपासून चालत आलेली समजूत अशी, की आतड्याचे आतील आच्छादन झडून पडते आणि उघड्या पडलेल्या भिंतीतून द्रव गळतो. या प्रश्नाचे खरे उत्तर कलकत्त्यातच निघाले. वैद्यकीय महाविद्यालयातील शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून, त्यात जंतू गाळून काढलेला, म्हणजे जंतुविरहित असा द्राव सोडला. आणि जंतू नसतानाही तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. १९५९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या त्यांच्या छोट्या निबंधाने पटकीचे विष प्रत्यक्ष असते हे सिद्ध केले. साधने अपुरी, परदेशी प्रसिद्धी नाही, आणि हयातीत आपल्या देशातही मोठा सन्मान नाही, अशा स्थितीत झालेले हे काम आहे; भारतीय शास्त्रज्ञांची नावे मुलांना शिकविताना डे यांचे नाव गाळणे ही माझ्या मते गंभीर उणीव आहे.

पुढील वर्षी थायलंडमधील रुग्णांच्या आतड्यातून घेतलेल्या सूक्ष्म नमुन्यांनी दुसरी गोष्ट स्पष्ट केली. आच्छादन झडलेले नव्हते. पेशी जागच्या जागी, सुस्थितीत होत्या. विष पेशीला मारत नाही, तिला भ्रमित करते. पेशीच्या आत एक इशारा सतत चालू राहतो, ग्रंथींतील क्लोराइडची दारे उघडी ती उघडीच राहतात, आणि त्याच वेळी सोडियमचे आत येण्याचे नेहमीचे काही मार्ग बंद पडतात. खर्चाची बाजू मोकाट सुटते आणि जमेची बाजू जवळजवळ गोठते. जवळजवळ म्हणण्याचे कारण, ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आत नेणारा तो मार्ग या धुमाळीतही शाबूत राहतो.

रुग्णाला पाणी व मीठ परत दिले पाहिजे हे ज्ञान त्याहून जुने होते. तरुण विल्यम ओशॉनेसी यांनी १८३१-३२ मधील साथीत रोग्यांच्या रक्तातून पाणी व क्षार नाहीसे झाल्याचे दाखविले आणि टॉमस लॅटा यांनी १८३२ मध्ये शिरेतून क्षारयुक्त पाणी दिले. हेच ओशॉनेसी पुढे हिंदुस्थानात येऊन तारायंत्राच्या उभारणीचे प्रमुख झाले, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग. परंतु शिरेतून द्रव देण्यास निर्जंतुक बाटल्या, सुया आणि जाणते हात लागतात, आणि पटकी तर जेथे यांतले काही नसते तेथेच येते. नुसते मीठपाणी पाजले तर ते शोषले जात नाही. कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १८६ रुग्णांना मीठ व ग्लुकोज यांचे द्रावण तोंडाने देऊन बरे केल्याची हकीकत प्रसिद्ध केली, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि कारणमीमांसाही तेव्हा उपलब्ध नव्हती, म्हणून ती दप्तरी पडून राहिली. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी रीतसर प्रयोगांनी दाखविले, की ग्लुकोज-क्षारांचे द्रावण तोंडाने दिल्यास शिरेतील द्रवाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते.

त्यानंतर आले १९७१. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून येत होते आणि पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पटकी पसरली होती. रुग्णालयाच्या खोल्या केव्हाच भरल्या, रोगी जमिनीवर, विष्ठा-वांतीच्या चिखलात पडलेले, आणि शिरेतून द्यावयाच्या द्रवाचा साठा संपत आलेला. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी तेथे निर्णय घेतला तो नाइलाजाचा खरा, पण आतड्याच्या शरीरक्रियेवर पूर्ण विश्वास ठेवून घेतलेला. लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम खाण्याचे मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, अशा पुड्या कलकत्त्यात बांधून बनगावला नेण्यात आल्या. मोठ्या पिंपांत द्रावण कालवून, नळाखाली पेला धरून, रोग्याच्या आया-बहिणींनीच ते पाजावे अशी व्यवस्था झाली. तोवर तेथील छावण्यांत शंभरातील तीसच्या आसपास रोगी दगावत असत. महालनोबिस यांच्या देखरेखीखालील साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांत हे प्रमाण ३.६ वर आले. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने, सोडियम व ग्लुकोज यांच्या जोडवाहतुकीचा हा शोध कदाचित शतकातील सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, असा अभिप्राय दिला. महालनोबिस २०२२ मध्ये निवर्तले. पद्मविभूषण त्यांना मिळाले ते मरणोत्तर, २०२३ मध्ये.

आपल्याकडे जलसंजीवनी म्हणून सरकारी दवाखान्यात मिळणारी पुडी ती हीच, थोड्या सुधारणेने. २००२ पासूनच्या प्रमाणात लिटरभर पाण्यास साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. पूर्वीपेक्षा साखर कमी केली ती मुद्दाम. कारण साखर फाजील झाली तर शोषली न गेलेली साखर स्वतःच पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढवते. हगवण लागलेल्या मुलाला बाजारातील गोड शीतपेय पाजणे अपायकारक ते याच कारणाने. पुडी हाताशी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, आणि मोजमापात हयगय नको. जुलाबात पाणी तोडावे, आतड्याला विश्रांती द्यावी, ही समजूत अजूनही अनेक घरांत टिकून आहे आणि तिने आजवर बळी घेतले आहेत. त्यामानाने मीठ घातलेली भाताची पेज देणाऱ्या आज्या कितीतरी शहाण्या. पेजेतील पिष्टाचा रेणू मोठा असल्यामुळे तो पाणी फारसे ओढत नाही, आणि विकर त्याचे सावकाश विघटन करून ग्लुकोज थोडेथोडे पुरवीत राहतात. पटकीच्या रुग्णांत तांदळाच्या पिठाच्या द्रावणाने जुलाबांचे प्रमाण घटते हे प्रयोगांनी दिसून आले आहे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक पातळ जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश, सुरू करावे. आणि मूल निपचित पडू लागले किंवा पाणीही घेईनासे झाले, तर पेला बाजूला ठेवून त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे.