इन्व्हर्टरला तहान लागते तेव्हा...

मुलांनो, गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. दिवसभर अंगाची नुसती काहिली झाली होती. संध्याकाळी आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि वळवाच्या पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर ताडताड वाजू लागले. पाठोपाठ लाईट गेली. पण आमच्या घरी कुणी जागचं हललं नाही. कशाला हलेल? घरात इन्व्हर्टर होता ना! दिवे क्षणभर मिटले आणि पुन्हा लागले.

जेमतेम दहा मिनिटं झाली असतील. इन्व्हर्टर 'पीं... पीं...' असा ओरडू लागला आणि थोड्याच वेळात गप्प झाला. घरात मिट्ट काळोख!

"अरे, बॅटरी आण रे कुणीतरी," माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांची बॅटरी म्हणजे टॉर्च, बरं का! पण टॉर्चमधले सेलही कधीच संपलेले. शेवटी त्या चाचपडत निघाल्या आणि उंबऱ्याला अडखळून पडल्या. मनगटाचं हाड मोडलं. दीड महिना हात प्लास्टरमध्ये.

त्याच गडबडीत आणखी एक संकट अगदी थोडक्यात टळलं. पाचवीतला माझा मुलगा पेटती मेणबत्ती घेऊन इन्व्हर्टरच्या बॅटरीवर वाकला होता. "आई, आतलं पाणी संपलंय का बघतो!" मी अशी ओरडले, की तो दचकून मागेच सरला. मी का ओरडले, ते पुढे सांगतेच.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आले. त्यांनी बॅटरीची झाकणं उघडली आणि विचारलं, "बाई, यात पाणी कधी घातलं होतं?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. "मशीनला काही झालेलं नाही. बॅटरी तहानेनं गेली तुमची," ते म्हणाले.

वर्गात रोज 'पाणी प्यायलात का?' म्हणून विचारणारी मी. घरातल्या बॅटरीला मात्र आठ महिने विसरले होते!

बॅटरीला तहान का लागते?

आपल्या घरातली वीज एका सेकंदात ५० वेळा पुढे-मागे हेलकावे घेते. तिला एसी म्हणतात. बॅटरीतली वीज मात्र एकाच दिशेनं वाहते. ती डीसी. लाईट असताना एसीची डीसी करून बॅटरी भरायची आणि लाईट गेली की बॅटरीतल्या १२ व्होल्ट डीसीची २३० व्होल्ट एसी करून घराला द्यायची, अशी दोन कामं आपला इन्व्हर्टर करतो. वीज साठवते ती मात्र बॅटरीच. ती थकली, तर बिचारा इन्व्हर्टर काय करणार?

या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक आम्ल असतं. एकेक कप्पा साधारण २ व्होल्ट देतो, म्हणजे साही मिळून १२. शिशाची अशी बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली बनवली. आज तिच्यात सुधारणा खूप झाल्या, पण मूळ तत्त्व तेच आहे.

आता खरी गंमत ऐका. बॅटरी भरत असताना आतल्या थोड्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू होतात आणि उडून जातात. आम्ल मात्र आतच राहतं. म्हणूनच बॅटरीत पुन्हा भरायचं ते फक्त पाणी, आम्ल कधीही नाही. पाणी फार कमी झालं, तर पट्ट्या उघड्या पडतात, वाळतात आणि कायमच्या बिघडतात. आमच्या बॅटरीचं हेच झालं.

आणि मी का ओरडले, ते आता कळलं ना? हायड्रोजन भडकन पेट घेतो. बॅटरीवर मेणबत्ती किंवा काडी धरली, तर स्फोट होऊन आम्ल डोळ्यांत उडू शकतं. बॅटरीजवळ ज्योत नको, देवापुढची उदबत्तीसुद्धा नको! ती नेहमी हवा खेळेल अशा जागी ठेवायची. बंद कपाटात कोंडायची नाही.

महिन्यातून पाच मिनिटं

आमच्या घरी आता एक नियम आहे : पाहायचं मुलांनी, हात लावायचा मोठ्यांनी. दर महिन्याच्या एक तारखेला टॉर्च घेऊन लांबूनच पाहायचं.

१. पाण्याची खूण : पुष्कळ बॅटऱ्यांच्या झाकणांवर पाणी दाखवणारी रंगीत खूण असते. ती पाणी कमी दाखवत असेल, तर आई-बाबांना सांगा. इन्व्हर्टर बंद करून, चष्मा आणि हातमोजे घालून त्यांनी बाजारातलं डिस्टिल्ड वॉटर वरच्या खुणेपर्यंतच भरावं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार बॅटरी खराब करतात. (सीलबंद आणि लिथियमच्या बॅटऱ्यांत मात्र पाणी घालायचं नसतं.)

२. टोकांवरची बुरशी : वायर जिथे बॅटरीला जोडलेली असते, तिथे पांढरी-हिरवट पूड जमते. तिच्यामुळे वीज अडते. ही पूड मेकॅनिककडून साफ करून घ्यावी आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा.

३. फुगवटा आणि वास : बॅटरीचं अंग फुगलंय, कुठून ओल येतेय, सडक्या अंड्यासारखा किंवा जळका वास येतोय? मग जवळ जाऊच नका. लगेच मोठ्यांना हाक मारा.

चुकून आम्ल अंगावर उडालंच, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं धरा आणि डॉक्टरांकडे जा.

बंद पडला? आधी विचार करा!

इन्व्हर्टर ओरडला की लगेच बिघडला असं नाही. आधी गणित करून पाहा. बॅटरीवर १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास असं लिहिलंय. १२ × १५० = १८०० वॅट-तास. पण थोडी वीज वाटेत वाया जाते आणि बॅटरी तळापर्यंत रिकामी करणंही बरं नव्हे. म्हणून आपण १००० धरू. ७५ वॅटचे दोन पंखे १५०, आणि ९ वॅटचे चार दिवे ३६. एकूण १८६ वॅट. म्हणजे बॅटरी चांगली असेल, तर साधारण पाच तास निघतील. त्यात ताईनं १००० वॅटची इस्त्री लावली, तर? इन्व्हर्टर ओरडणारच! असं जड उपकरण काढून टाका. मग मोठ्यांनी इन्व्हर्टर बंद करून पुन्हा चालू केला, की बहुधा तो सुरू होतो.

कधी कधी शेजारी लाईट असते आणि आपल्याच घरात नसते. मुख्य बटण पडलेलं असतं, पण इन्व्हर्टर चालू असल्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही. बॅटरी संपली की मग कळतं. म्हणून इन्व्हर्टरवरचा विजेचा दिवा अधूनमधून पाहायची सवय ठेवा.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर चालणाऱ्या बटणांत आणि प्लगांत २३० व्होल्ट असतातच. 'लाईट गेलीय, आता वायरला हात लावला तर काय होतंय?' असं म्हणायचं नाही. इन्व्हर्टरचं झाकणही उघडायचं नाही. ते काम मेकॅनिकचं.

बॅटरी जुनी झाली, तर ती दुकानदाराला परत द्या. शिसं विषारी असतं, लहान मुलांना तर फारच घातक. ते कचऱ्यात किंवा ओढ्यात जाता कामा नये. कारखान्यात वितळवून त्याच शिशापासून पुन्हा बॅटरी बनते.

सासूबाईंचा हात आता बरा आहे. पोळ्या लाटतात, पण पावसाळी हवेत मनगट दुखतं म्हणतात. ते ऐकलं की मला ती उघडी पडलेली बॅटरी आठवते. आमच्या कॅलेंडरवर दर एक तारखेला आता पाण्याच्या थेंबाचं चित्र काढलेलं असतं. माझा मुलगा विसरला, तर आजीच हाक मारते, "अरे, बॅटरी बघितलीस का?" आणि आता तिला दोन्ही बॅटऱ्या म्हणायच्या असतात, बरं का!

मग मुलांनो, तुमच्या घरच्या बॅटरीला शेवटचं पाणी कधी घातलं होतं? आज आई-बाबांना विचाराच!