१९६० च्या दशकातील ब्रिटिश रॉक गीतांमधील वर्गव्यवस्थेचा उपहास

१९६० च्या दशकातील ब्रिटिश रॉक गीतांमधील वर्गव्यवस्थेचा उपहास ही त्या काळातील ब्रिटिश लोकप्रिय संगीतातील एक ठळक प्रवृत्ती होय. साधारणतः १९६५ ते १९६९ या काळात द किंक्स, द बीटल्स, द रोलिंग स्टोन्स आणि स्मॉल फेसेस यांसारख्या बँडनी ब्रिटिश समाजातील उच्च-नीच भेद, प्रतिष्ठेच्या कल्पना आणि दिखाऊपणा यांना आपल्या गीतांचा विषय केले. किंक्सचे गायक-गीतकार रे डेव्हिस हे या प्रवृत्तीचे प्रमुख प्रतिनिधी मानले जातात. त्यांची गीते सहसा घोषणा देत नाहीत. एखादे पात्र उभे करून त्याच्या वागण्या-बोलण्यातूनच ती त्याचे अंतरंग उघडे करतात. आरंभी या उपहासाचा रोख उच्चवर्गावर होता. दशकाच्या अखेरीस तो वर्गव्यवस्था निमूटपणे स्वीकारणाऱ्या सामान्य माणसाकडे वळला व त्याबरोबरच त्यात करुणेचा अंशही वाढला.

सामाजिक पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये माणसाचा वर्ग केवळ उत्पन्नावरून ठरत नसे. घराणे, शाळा, पेहराव, राहण्याचा भाग आणि विशेषतः इंग्रजी बोलण्याची ढब यांवरून तो ओळखला जाई. उच्चारावरून माणसाची पायरी ठरण्याची ही रीत जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या नाटकाचा विषय आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' या रूपांतरामुळे तो मराठी प्रेक्षकांना परिचित आहे.

१९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंड व वेल्समधील सरकारी शाळांतील माध्यमिक शिक्षण मोफत झाले. मात्र वयाच्या अकराव्या वर्षीच्या निवडपरीक्षेमुळे मुलांची विभागणी प्रामुख्याने 'ग्रामर स्कूल' व 'सेकंडरी मॉडर्न' या दोन प्रकारच्या शाळांत होऊ लागली. धनिकांची मुले शुल्क भरून ईटन, हॅरो यांसारख्या खासगी शाळांत जात. विद्यापीठाची वाट न धरलेल्या अनेक तरुणांना कला महाविद्यालयांनी आसरा दिला. लिव्हरपूलच्या कला महाविद्यालयात जॉन लेनन, लंडनमधील ईलिंग येथे पीट टाउनशेंड आणि हॉर्न्सी येथे रे डेव्हिस यांनी शिक्षण घेतले.

याच सुमारास ब्रिटनमध्ये राजकीय-सामाजिक उपहासाला बहर आला होता. 'बियाँड द फ्रिंज' (१९६०) हा रंगमंचीय कार्यक्रम, 'प्रायव्हेट आय' (१९६१) हे नियतकालिक आणि बीबीसीवरील 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' (१९६२) ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. १९६३ मध्ये युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांना राजीनामा द्यावा लागला आणि सत्ताधारी वर्गाच्या नैतिक प्रतिष्ठेला तडा गेला. १९६४ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्ष तेरा वर्षांनंतर सत्तेवर आला. 'बियाँड द फ्रिंज'चे चारही लेखक-कलाकार ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे शिकलेले होते. रॉक गीतांतील उपहास मात्र बव्हंशी कामगार व कनिष्ठ मध्यमवर्गातून आलेल्या तरुणांनी लिहिला, हे त्याचे वेगळेपण होय.

म्युझिक हॉलची परंपरा

या उपहासाची एक मुळी व्हिक्टोरियाकालीन 'म्युझिक हॉल' या शहरी करमणुकीच्या परंपरेत सापडते. तेथील गायक एखाद्या पात्राचा वेष घेऊन प्रथमपुरुषी गाणे म्हणत. १८६० च्या दशकात जॉर्ज लेबॉर्न हा कामगारवर्गातून आलेला गायक छानछोकी करणाऱ्या श्रीमंताचे सोंग घेऊन 'शॅम्पेन चार्ली' हे गाणे गात असे. पात्राच्या तोंडून बोलण्याची ही रीत डेव्हिस यांनी रॉक संगीतात आणली. त्या काळातील अनेक ब्रिटिश रॉक गायक गाताना अमेरिकन उच्चारांचे अनुकरण करीत. डेव्हिस यांनी लंडनचे उच्चार कायम ठेवले आणि पात्रानुसार ते बदलले. ज्या समाजात उच्चार हीच वर्गाची खूण होती, तेथे ही गायनशैली अर्थवाही ठरली.

रे डेव्हिस यांची गीते

रे डेव्हिस (जन्म: २१ जून १९४४) हे उत्तर लंडनमधील एका कामगारवर्गीय कुटुंबातील आठ भावंडांपैकी सातवे होत. त्यांचे धाकटे बंधू डेव्ह डेव्हिस हे किंक्सचे गिटारवादक होते. १९६४ मध्ये 'यू रिअली गॉट मी' या गाण्यामुळे हा बँड प्रसिद्धीस आला. १९६५ ते १९६९ या काळात तेथील संगीतकारांच्या संघटनेशी बिनसल्यामुळे किंक्सला अमेरिकेचा दौरा करता आला नाही. या काळात डेव्हिस यांची गीते अधिकाधिक इंग्लंडच्या दैनंदिन जीवनाकडे वळली.

'अ वेल रिस्पेक्टेड मॅन' (१९६५) या गीताचा नायक ठरलेल्या वेळी ठरलेल्या गाडीने कामाला जाणारा प्रतिष्ठित तरुण आहे. निवेदक वरकरणी त्याच्या शिस्तीचे व सद्गुणांचे गुणगान करतो. त्याच वेळी वडिलांचे मोलकरणीमागे लागणे, आईचा सभासंमेलनांतील मिरवण्याचा सोस आणि मुलाची वारशावरची नजर हे सारे सहज बोलून जातो. निंदा करण्यासाठी स्तुतीचीच भाषा वापरणे हे या गीताचे तंत्र आहे. 'डेडिकेटेड फॉलोअर ऑफ फॅशन' (१९६६) हे गीत नव्या फॅशनमागे धावणाऱ्या लंडनच्या तरुणाची थट्टा करते.

'सनी आफ्टरनून' हे गीत जुलै १९६६ मध्ये ब्रिटिश विक्रीक्रमवारीत प्रथम स्थानी पोहोचले. करवसुलीमुळे पैसा गमावलेला एक उमराव आपल्या वाड्यात उन्हात पहुडला आहे. नौकाविहार थांबला, प्रेयसी मोटार घेऊन माहेरी गेली, अशा तक्रारी तो थंड बिअर पीत करतो. त्या काळी सर्वोच्च उत्पन्नगटाला ९० टक्क्यांहून अधिक दराने कर द्यावा लागे, त्यामुळे तक्रारीला आधार होता. मात्र प्रेयसी त्याच्या दारूबाजीच्या व क्रूरपणाच्या कहाण्या सांगत असल्याचे तोच सांगतो आणि श्रोत्याची सहानुभूती डळमळते. पायरी-पायरीने खाली उतरणारी खर्जाची सुरावट त्याच्या घसरणीला साथ देते.

त्याच वर्षीच्या 'डेड एंड स्ट्रीट' या गीतात चित्र उलटे होते. तडा गेलेले छत, गळके नळ, थकलेले भाडे आणि बेकारी यांत अडकलेले कुटुंब त्यात बोलते. उमरावाची आळसावलेली दुपार आणि या कुटुंबाचा हिवाळा ही दोन्ही चित्रे एकाच वर्षीची आहेत. 'डेव्हिड वॉट्स' (१९६७) मध्ये एक सामान्य विद्यार्थी शाळेतील श्रीमंत, देखण्या, सर्वगुणसंपन्न प्रमुख विद्यार्थ्यासारखे होण्याची आस धरतो. येथे उपहासाचा विषय वरचा वर्ग नसून खालच्याने मनोमन जपलेली वरच्याची भक्ती हा आहे.

'आर्थर' आणि साम्राज्याचा अस्त

ऑक्टोबर १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला 'आर्थर (ऑर द डिक्लाइन अँड फॉल ऑफ द ब्रिटिश एम्पायर)' हा अल्बम या प्रवृत्तीचा कळस मानला जातो. तो ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या एका नाटकासाठी कादंबरीकार ज्युलियन मिचेल यांच्या सहकार्याने रचला गेला. प्रत्यक्षात ते नाटक झालेच नाही. नायकाचे पात्र डेव्हिस यांच्या ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मेहुण्यावरून सुचले होते.

'व्हिक्टोरिया' या गीतात एक गरीब प्रजाजन राणीच्या राज्याचे भरभरून कौतुक करतो. साम्राज्यातील प्रदेशांच्या त्याच्या यादीत भारताचेही नाव येते; त्याच्या स्वतःच्या वाट्याला मात्र त्यातले काहीच आलेले नाही. 'येस सर, नो सर' हे गीत सैन्यातील आज्ञाधारकपणाच्या आड दडलेला वर्गभेद दाखवते.

'शांग्री-ला' हे पाच मिनिटांहून दीर्घ गीत उपनगरातील एका गृहस्थाविषयी आहे. कर्जाच्या हप्त्यांवर घेतलेले घर, चहा, सपाता आणि शेकोटीजवळची खुर्ची हेच त्याचे नंदनवन आहे. आसपासची सगळी घरे सारखीच आहेत. प्रथम निवांत वाटणारे गीत पुढे कर्जाच्या व शेजाऱ्यांच्या नजरेच्या धाकाने तापत जाते. डेव्हिस त्या गृहस्थाच्या समाधानाला हसतात की ते हिरावले जाऊ नये म्हणून हळहळतात, हे गीत अखेरपर्यंत स्पष्ट करत नाही.

इतर गीतकार

द रोलिंग स्टोन्सच्या 'प्ले विथ फायर' (१९६५) मध्ये एका श्रीमंत घरच्या मुलीला उद्देशून धमकीवजा सूर आहे. लंडनच्या भागांची नावे त्यात सामाजिक पायऱ्यांप्रमाणे वापरली आहेत. जॉर्ज हॅरिसन यांच्या 'टॅक्समन' (१९६६) मध्ये करवसुली करणारा स्वतःच बोलतो आणि दोन्ही प्रमुख पक्षांच्या नेत्यांचा नामोल्लेख येतो. त्यांच्याच 'पिगीज' (१९६८) मध्ये सुखवस्तू लोकांना डुकरांच्या रूपात दाखवले असून हार्पसिकॉर्डची दरबारी नजाकत त्यातील हिडीसपणा वाढवते. स्मॉल फेसेसच्या 'लेझी संडे' (१९६८) मध्ये स्टीव्ह मॅरियट यांनी पूर्व लंडनचा कॉकनी उच्चार मुद्दाम ठसठशीत करून शेजाऱ्यांच्या तक्रारींची गंमत केली.

मर्यादा

या गीतांतून बदलाचा कार्यक्रम क्वचितच मांडला गेला. वर्गव्यवस्था हास्यास्पद ठरली, पण ती कशी मोडावी याचे उत्तर मिळाले नाही. स्त्रिया बहुधा आई, मोलकरीण वा प्रेयसी एवढ्याच भूमिकांत आल्या आणि राष्ट्रकुलातून आलेले स्थलांतरित जवळपास अदृश्य राहिले. यशाने गीतकारांचीही पायरी बदलली. १९६५ मध्ये बीटल्सना एमबीई हा सन्मान मिळाला; १९६९ मध्ये लेनन यांनी तो परत केला. करांचा भार आता या संगीतकारांवरही होता. त्यामुळे करविषयक गीतांमध्ये उपहास कोठे संपतो आणि स्वतःची तक्रार कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण जाते.

प्रभाव

द जॅम या बँडने १९७८ मध्ये 'डेव्हिड वॉट्स' नव्याने गायले आणि १९७९ मध्ये 'द ईटन रायफल्स' हे स्वतःचे वर्गविषयक गीत प्रसिद्ध केले. ब्लरचा 'पार्कलाइफ' (१९९४) हा अल्बम आणि पल्पचे 'कॉमन पीपल' (१९९५) हे गीत याच परंपरेत मोडतात. पुढे ईटनमध्ये शिकलेले राजकारणी डेव्हिड कॅमेरॉन यांनी 'द ईटन रायफल्स' आपल्या आवडीचे असल्याचे सांगितले, तेव्हा त्याचे गीतकार पॉल वेलर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. २०१७ मध्ये रे डेव्हिस यांना कलाक्षेत्रातील सेवेबद्दल 'सर' हा किताब देण्यात आला.

हे सुद्धा पहा

द किंक्स
द बीटल्स
म्युझिक हॉल
ती फुलराणी