एक गाव, दोन शिक्के

देवासला पवारांच्या दोन पात्या: थोरली आणि धाकटी. गाव एकच, पण राजे दोन, कारभार दोन; हुकूम कुणाच्या शिक्क्याचा, यावर सगळं अडे. विंडोजमधली खाती देवाससारखी: संगणक एकच, पण शिक्के वेगळे. शिफ्ट दाबून प्रोग्रॅमच्या चिन्हावर उजवी क्लिक केली की ‘रन ॲज डिफरंट युजर’ हा पर्याय दिसतो; मग त्या दुसऱ्या खात्याचं नाव आणि पासवर्ड द्यायचा. पडद्यासमोर तुम्हीच असता, पण प्रोग्रॅम त्या खात्याच्या शिक्क्याने चालतो: त्याच्या फायली उघडतो, तुमच्या खासगी बहुधा नाही. बिनपासवर्डचं खातं इथे सहसा चालत नाही. लोक नेमके तिथेच अडकतात. लिनक्सवर हेच काम ‘सुडो’ करतो. तो १९८०च्या सुमाराचा, म्हणजे विंडोजहून थोरला.