‘आर’ भाषेतील याद्यांची जुळणी

शब्दसंग्रहाच्या संशोधनात दोन याद्या एकत्र करण्याचा प्रसंग पदोपदी येतो. एका वृत्तपत्रातील शब्दांची वारंवारता दुसऱ्यातील वारंवारतेशी ताडून पाहावयाची असते, किंवा निरनिराळ्या गावांतून गोळा केलेली सामग्री एका सारणीत आणावयाची असते. पूर्वी चिठ्ठ्यांवर होणारे हे काम आता पुष्कळदा ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत केले जाते. रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात १९९० च्या दशकात सिद्ध केलेली ही भाषा बेल प्रयोगशाळेतील ‘एस’ या भाषेच्या घाटावर बेतलेली आहे. चिठ्ठ्या लावणाऱ्याच्या हाती एखादी चिठ्ठी उरली की तो थांबून विचार करतो. ‘आर’ थांबत नाही. चुकीच्या जुळणीचेही सुबक उत्तर ती देते, आणि खरी अडचण तेथेच आहे.

‘एकत्र करणे’ या एका क्रियापदाखाली वस्तुतः तीन भिन्न क्रिया येतात: एकापुढे एक मांडणे, एकात एक ठेवणे आणि समान खुणेवरून जुळविणे. पहिलीसाठी ‘सी’ हे फंक्शन आहे. त्यात आकडे व शब्द मिसळले तर सर्वच घटक शब्दरूप होतात आणि आकड्यांची बेरीज करता येत नाही. दुसरीसाठी ‘लिस्ट’ आहे. या दोहोंतील भेद सूक्ष्म वाटला तरी त्याचे परिणाम मोठे आहेत. समजा, एका लिस्टमधील प्रत्येक घटक म्हणजे एका गावाची शब्दावली आहे. तीत शंभर शब्दांचे नवे गाव ‘सी’ने जोडले, तर एका गावाऐवजी शंभर घटक, म्हणजे प्रत्येकी एका शब्दाची शंभर ‘गावे’ वाढतात. ‘अपेंड’ वापरले तरी हेच घडते. नवी शब्दावली आधी ‘लिस्ट’मध्ये गुंडाळून मग जोडावी, एवढाच यावरील उपाय.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ४.१.० या आवृत्तीपूर्वी दोन ‘फॅक्टर’ ‘सी’ने जोडले असता वर्गांची नावे गळून केवळ त्यांचे अंतर्गत क्रमांक हाती येत. जुन्या आज्ञावली पुन्हा चालविणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

भाषाभ्यासकाचा खरा संबंध येतो तो तिसऱ्या क्रियेशी. तिच्यासाठी ‘मर्ज’ हे फंक्शन आहे. खूण कोणती हे स्पष्ट सांगितले नाही, तर दोन्ही सारण्यांत समान नावाचे जितके स्तंभ असतील ते सर्व खूण म्हणून धरले जातात. दोहोंत ‘शब्द’ व ‘वारंवारता’ असे स्तंभ असतील, तर ज्यांची वारंवारता दोन्हीकडे योगायोगाने सारखी आहे तेवढेच शब्द निकालात उरतात. खूण नीट सांगितली तरी, एकाच यादीत असलेले शब्द ‘मर्ज’ मूळ व्यवस्थेनुसार वगळते. ‘ऑल’ हा निर्देश ‘ट्रू’ केल्यास ते राहतात व रिकाम्या जागी ‘एनए’ येते. हे ‘एनए’ म्हणजे शून्य मानावे की अनुपलब्धता, हा निर्णय संशोधकाचा असतो, यंत्राचा नव्हे. उलट, ‘कर’ हा शब्द एका यादीत नाम व धातू म्हणून दोनदा आणि दुसरीत अर्थभेदाने तीनदा नोंदला असेल, तर निकालात त्याच्या सहा ओळी होतात व बेरजा फुगतात.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. ‘वऱ्हाड’, ‘बिऱ्हाड’, ‘दुसऱ्या’ यांतील ऱ युनिकोडमध्ये एका स्वतंत्र संकेताने लिहिता येतो. साधा र व नुक्ता अशा दोन संकेतांनीही तो लिहिता येतो. शिवाय र, हलन्तचिन्ह व शून्यरुंदीचा जोडक अशा क्रमानेही हे जोडाक्षर उमटविता येते. डोळ्यांस तिन्ही रूपे एकच दिसतात. ‘आर’ मात्र संकेत ताडून पाहते, म्हणून तिच्या लेखी ते तीन वेगळे शब्द ठरतात. ही गळती यादृच्छिक नसते, हे विशेष. सामान्यरूपातील ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’ यांसारखी वारंवार येणारी रूपेच नेमकी गळतात, आणि अमुक वृत्तपत्रात ती आढळत नाहीत असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याच्यामागे भाषा नसून टंकनपद्धती असते.

‘स्ट्रिंगी’ या संचातील ‘एनएफसी’ प्रमाणीकरणाने पहिली दोन रूपे एक होतात. तिसऱ्यासाठी जोडकाचा क्रम स्वतंत्रपणे बदलून घ्यावा लागतो. सरसकट सर्व जोडक पुसणे मात्र धोक्याचे, कारण तसे केल्यास ऱ च्या जागी रफार येतो. प्रमाणीकरणानंतर एकाच यादीत ‘वऱ्हाड’च्या दोन ओळी निघणेही संभवते, कारण ती आधी निराळ्या संकेतांनी नोंदलेली असतात. त्यांच्या वारंवारतेची बेरीज करून प्रत्येक शब्दाची एकच ओळ ठेवावी आणि त्यानंतरच ‘मर्ज’ करावे. जुळणीपूर्वी व नंतर ओळी मोजाव्यात, आणि ‘डीप्लायर’ या संचातील ‘अँटी जॉइन’ने न जुळलेल्या शब्दांची यादी काढून ती नजरेखालून घालावी. तीत ऱ असलेले शब्द गर्दी करून बसलेले दिसले, तर प्रमाणीकरण अद्याप अपुरे आहे असे समजावे.