अर्ध्या छटाकाचा वांधा

जपानात बिवा नावाचे एक मोठे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. तेथे २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता या ३२ वर्षांच्या तरुणाने गळाने एक मासा धरला. मासा बास जातीचा, त्यातही मोठ्या तोंडाच्या बासाचा. वजन भरले १० किलो १२० ग्रॅम. याच जातीचा तोवरचा सर्वांत मोठा मासा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २ जून १९३२ रोजी धरला गेला होता. त्याचे वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे १० किलो ९२ ग्रॅमांच्या आसपास. वजाबाकी करून पाहिली तर सुमारे २८ ग्रॅम उरतात. जुन्या मापात सांगायचे तर अर्धा छटाकसुद्धा नाही. आता विचारतो, कुरिताचा जागतिक विक्रम झाला की नाही झाला?

शेलूबाजारच्या श्रोत्यांना हा प्रश्न पोरखेळ वाटेल. आपल्याकडे बास नाही. आपल्या नदीनाल्यांत मरळ सापडते, धरणांत रोहू-कतला सोडतात; आणि मासा धरणाऱ्या भोयाला तो बाजारात काय भावाने जाईल एवढीच फिकीर असते. पण माझे आयुष्य हमाल आणि मापारी यांच्या संघटनेत गेले. काट्यावर काय चढले, कोणी चढवले, कोणी वाचले आणि वहीत कोणी लिहिले, या चार गोष्टींवरून होणारे वांधे मी तीस वर्षे सोडवीत आलो आहे. त्यामुळे या माशाची हकीकत वाचनालयात हाती लागली तेव्हा मला तो मासा परका वाटला नाही. अर्ध्या छटाकावरून जगभर सहा महिने खल होतो, आणि आमच्या बाजारात क्विंटलमागे किलोभर कडता सहज कापला जातो, ही गोष्ट मनात घोळत राहिली.

तर प्रथम न्यायनिवाडा करणारे कोण ते सांगतो. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन नावाची संस्था १९३९ साली अमेरिकेत निघाली. आरंभी ती समुद्रातल्याच माशांचे विक्रम नोंदीत असे. गोड्या पाण्यातल्या माशांची नोंद 'फील्ड अँड स्ट्रीम' नावाचे शिकारीचे मासिक ठेवीत असे. १९७८ साली ते दप्तर या संस्थेकडे आले. ही संस्था सरकारी नव्हे. तिच्या निकालाला कायद्याचे बळ नाही. तरी सगळे मानतात, कारण तिचे नियम मासा पाण्यात असतानाच लिहून ठेवलेले असतात. निकाल कोणाच्या बाजूने लागणार हे ठाऊक नसताना जो नियम केला जातो त्यालाच माणसे मान देतात; पंचायतीत काय, कारखान्यात काय, हेच खरे.

त्या नियमांत एक कलम असे होते की, पंचवीस पौंडांखालच्या माशाने जुना विक्रम मोडायचा तर किमान दोन औंसांनी मोडला पाहिजे. दोन औंस म्हणजे जवळजवळ आपला एक छटाक. त्याहून कमी फरक असला तर विक्रम मोडला असे न म्हणता बरोबरी झाली असे म्हणायचे. यामागचे कारण मापाऱ्याला लगेच कळेल. कोणताही काटा शेवटच्या कणापर्यंत खरे बोलत नाही. मासा ओला असतो, त्याच्या अंगावरून पाणी निथळत असते, काट्याला वारा लागतो, दांडी किंवा आकडा क्षणभर हलतो. एकच मासा दोन चांगल्या काट्यांवर चढवला तर थोडा फरक पडणारच. तेव्हा ज्या फरकावर काट्याचाच भरवसा नाही, त्यावरून एका माणसाच्या डोक्यावरचा मान काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा नाही, असा त्याचा अर्थ आहे. मला हे कलम फार शहाणपणाचे वाटते.

वजनाविषयीचे बाकीचे नियमही पाहण्यासारखे आहेत. वजन जमिनीवर झाले पाहिजे. हलत्या नावेत केलेले चालत नाही. काटा अधिकृत ठिकाणी तपासून प्रमाणित केलेला हवा, आणि ती तपासणी वर्षाच्या आतली हवी. आपल्याकडेही व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वजनमापे खात्याकडून पडताळणी होऊन मोहोर लागली पाहिजे असा कायदा आहे. काट्यावरचा तो शिक्का किती गिऱ्हाईक वाकून पाहतात हे तुम्हीच सांगा. आणखी एक नियम: काटा दोन खुणांच्या मध्ये थांबला तर खालची खूण धरायची. म्हणजे संशयाचा तोटा दावा करणाराने सोसायचा. आमच्या बाजारातही खालचीच खूण धरतात, परंतु तेथे दावा करणारा कास्तकार नसतो, खूण धरणारा मात्र खरेदीदाराचा माणूस असतो. नियम वरून सारखाच दिसतो. काटा कोणाच्या हातात आहे एवढ्याने त्याचा न्याय उलटा होतो.

याशिवाय माशाची लांबी आणि घेर मोजायचा, माशाचा, गळाच्या काठीचा आणि काट्याचा फोटो काढायचा, वापरलेल्या दोरीचा तुकडा तपासणीला पाठवायचा, साक्षीदारांची नावे द्यायची, आणि सगळे ठरलेल्या मुदतीत धाडायचे. मासा गळाला लागल्यापासून बाहेर येईपर्यंत काठीला दुसऱ्याचा हात लागता कामा नये.

कुरिताने हे सगळे केले. तरी एक आक्षेप आला. ज्या जागी नाव उभी करण्यास मनाई आहे अशा ठिकाणी त्याने ती उभी केली होती काय? नियम असा की स्थानिक कायदा मोडून धरलेला मासा विक्रमात धरत नाहीत. संस्थेने चौकशी केली, एवढेच नव्हे तर खोटे पकडण्याच्या यंत्रापुढे त्याला बसवले. तो त्यात उतरला. ८ जानेवारी २०१० रोजी निकाल जाहीर झाला: बरोबरी. १९३२चा मासा आणि २००९चा मासा दोघेही पहिले.

त्या यंत्राविषयी जाता जाता सांगतो. त्याच २०१० सालच्या मे महिन्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात असा निकाल दिला की, कोणाही माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध अशा यंत्रापुढे बसवता येणार नाही. ज्या यंत्राचा आधार माशाच्या निकालाला घेतला गेला, ते आपल्याकडे आरोपीवरसुद्धा जबरदस्तीने लावता येत नाही. मला आपल्या न्यायालयाचा निकाल अधिक पटतो. नाडीचे ठोके मोजून माणूस घाबरला आहे हे समजेल. पण गरीब माणूस साहेबापुढे खरे बोलतानाही घाबरतो.

आता १९३२चा जो मासा आहे त्याकडे वळू, कारण खरी गंमत तेथेच आहे. तो धरणारा जॉर्ज पेरी हा वीस वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा. ते मंदीचे दिवस होते. पाऊस पडून शेत चिखल झाले होते, नांगर चालेना, म्हणून तो एका सोबत्याबरोबर माँटगोमेरी नावाच्या डोहावर गेला. दोघांत मिळून एकच आमिष. मासा लागला. पेरीने तो जवळच्या हेलेना गावी नेला, काट्यावर घातला, लांबी-घेर मोजून घेतला, कागद केला आणि मासिकाच्या स्पर्धेला पाठवला. ७५ डॉलरांचा माल बक्षीस मिळाला. आणि मासा? मासा घरच्यांनी खाल्ला. ज्या घरात चूल पेटवायची चिंता आहे त्या घरात दहा किलोचा मासा भुसा भरून भिंतीवर कोण लावणार?

आज तोच दावा आला असता तर टिकला नसता. फोटो अनेक वर्षे कोणापुढे नव्हता, दोरीचा तुकडा नाही, मासा नाही. म्हणून पुष्कळ जण नाके मुरडतात. माझे मत वेगळे आहे. पेरीने त्या काळी जे नियम होते ते पाळले. गावच्या काट्यावर, गावच्या लोकांपुढे वजन केले. पुढे निघालेल्या नियमाने मागच्या माणसाला चोर ठरवायचे नसते. आमच्याकडे जुन्या हमालाला नोकरीचा पुरावा मागतात तेव्हा हेच होते. चाळीस वर्षांपूर्वी कोणी हजेरीकार्ड देतच नव्हते. आता ते नाही म्हणून तो कामावर नव्हताच, असे म्हणणारे साहेब मी पाहिले आहेत.

याच्या उलट उदाहरण कॅलिफोर्नियातले. २००६च्या मार्च महिन्यात मॅक वीकली याने डिक्सन सरोवरात २५ पौंड १ औंस वजनाचा बास धरला. पेरीच्या माशापेक्षा चांगला पावणेतीन पौंडांनी जास्त! पण गळ तोंडात लागला नव्हता, पाठीच्या पराजवळ अंगात रुतला होता. शिवाय वजन हातात धरायच्या काट्यावर केले आणि मासा पाण्यात सोडून दिला. वीकलीने दावाच केला नाही. हाच मासा २००३ साली त्याच्या एका मित्राने धरला होता, तेव्हा तो २१ पौंड ११ औंस भरला होता; जबड्याखालच्या काळ्या ठिपक्यावरून त्याची ओळख पटत असे. २००८ साली तो मेलेला सापडला तेव्हा १९ पौंड भरला. म्हणजे जगातला बहुधा सर्वांत जड बास कोणत्याही दप्तरात नाही. घडलेली गोष्ट आणि नोंदलेली गोष्ट या दोन निराळ्या असतात, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

साक्षीचा प्रश्न मात्र याहून अवघड. लहान तोंडाचा बास ही दुसरी जात. त्यातला ११ पौंड १५ औंसांचा मासा डेव्हिड हेस याने ९ जुलै १९५५ रोजी केंटकी-टेनेसीच्या सीमेवरील डेल हॉलो सरोवरात धरला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तेथल्या धक्क्यावरच्या एका कामगाराने प्रतिज्ञापत्र केले की, माशाच्या पोटात मीच शिशाचे आणि यंत्राचे तुकडे कोंबले होते. ते प्रतिज्ञापत्र चाळीस वर्षे दप्तरात पडून राहिले. १९९६ साली ते उजेडात आल्यावर हेसचा विक्रम रद्द झाला. मग फेरतपास झाला, आणि २००५ साली विक्रम पुन्हा बहाल करण्यात आला. मी कामगारांचा माणूस. म्हणून कामगाराची बाजू घेईन असे तुम्हास वाटेल. पण एक गोष्ट कोणालाही खटकावी: ज्याच्यावर आरोप, त्याला चाळीस वर्षे आरोपाचा पत्ताच नाही. आरोपपत्र नाही, उलटतपासणी नाही. मालकाने कामगाराला असे वागवले तर आम्ही गेटवर सभा घेतो. मग हेसला वेगळा न्याय का?

वजन आणि साक्ष झाली, तरी तिसरी गोष्ट उरते. मासा कोणत्या जातीचा? येथे आपला महाराष्ट्र येतो. गोड्या पाण्यातला आपला मोठा मासा महाशीर. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीराला कर्नल साइक्स याने १८३९ साली शास्त्रीय नाव दिले. पुढे लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने या माशाचे बीज तयार करण्याचे केंद्र काढले आणि तेथली पिल्ले दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, अगदी कावेरीतसुद्धा. कावेरीत मात्र आधीपासून दुसराच, पाठीला उंचवटा असलेला प्रचंड महाशीर राहत होता. १९४६ साली म्हैसूरकडच्या कबिनी नदीत व्हॅन इंगेन याने त्यातला १२० पौंडांचा मासा धरला. संस्थेच्या यादीत मात्र नोंद झाली ती १९८४ साली कावेरीत रॉबर्ट हॉविट याने धरलेल्या ९५ पौंडांच्या माशाची. या उंच पाठीच्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली ती २०१८ साली, आणि तोवर तो नामशेष व्हायच्या बेतात आला होता. आमच्या लोणावळ्याच्या पाहुण्याने घरधन्याची जागा बळकावली, हे त्याचे एक कारण सांगतात. म्हणजे विक्रम शंभर वर्षे मोजत आलो आणि कशाचा विक्रम ते शेवटी कळले. बिवा सरोवरातला बासही असाच परका. तो १९२५ साली अमेरिकेतून जपानात आणला गेला. आज तो तेथल्या मूळ माशांचा काळ ठरला आहे, आणि धरलेला बास परत पाण्यात सोडण्यास त्या प्रांतात २००३ पासून बंदी आहे.

विक्रमाची व्याख्या किती नेमकी असते याचे उदाहरण आपल्या उंबरठ्यावरही आहे. अमरावती ते अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी काँक्रीटची एक मार्गिका सलग अंथरून गिनेस बुकात नोंद झाली. सलग, एक मार्गिका, अमुक मिश्रण. यातला एक शब्द गळला तर विक्रम गळतो. जूनच्या सुरुवातीची वऱ्हाडातली झळ, खाली तापलेले डांबर, आणि पाळ्या लावून रात्रंदिवस राबणारी ७२० माणसे. नोंद आहे ती महामार्ग प्राधिकरणाच्या आणि ठेकेदार कंपनीच्या नावावर. माशाच्या नियमात काठीला दुसऱ्याचा हात लागला तर विक्रम रद्द; रस्त्याच्या नियमात सातशे जणांचे हात लागले तरी नाव एकाचेच.

आणि एक नियम सांगायचा राहिला. माशाचा विक्रम काठी, दोरी आणि गळ यांनीच करता येतो. जाळ्यात सापडलेला मासा, मग तो मणाचा का असेना, विक्रमात येत नाही. जाळे वापरायचे ते फक्त लागलेला मासा वर उचलण्यापुरते. म्हणजे ज्यांचे पोट माशावर आहे ते जगातले बहुतेक सगळे लोक या यादीच्या बाहेर. उद्या कारंज्याकडच्या अडाण धरणावर एखाद्या भोयाच्या जाळ्यात जगावेगळी मरळ आली, तर ती संस्थेच्या वहीत जाणार नाही. तरीपण त्याने ती आधी शिक्का असलेल्या काट्यावर घालावी, चार माणसांपुढे लांबी-घेर मोजावा, दिवस-वेळ लिहून खाली सह्या घ्याव्यात, फोटो काढावा, आणि कागद सोसायटीच्या दप्तरात ठेवावा. मग खुशाल कापून विकावी.